चुलीचा तिसरा दगड

१

दगड फुटला तेव्हा ओरिशाबा उकळत्या पाण्यात नाचणीचं पीठ वैरत होती. बार उडाल्यासारखा आवाज झाला, पातेलं कलंडलं आणि चुलीपाशी पाय पसरून बसलेल्या तिच्या सासूच्या, म्हाताऱ्या केइरुंगीच्या पावलावर कढत पाणी सांडलं.

अंगणात केइरुंगीच्या एका चुलत नातीच्या पाठवणीचे पाहुणे बसले होते. ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला. पहिली उठली ती पेनिना. मिशनच्या इस्पितळात एक्स-रे काढण्यात तिचं आयुष्य गेलेलं; निवृत्त झाली तरी कुणाला भाजलं-कापलं की लोक तिच्याकडेच बघायचे आणि तिचेही पाय आपोआप तिकडे वळायचे.

स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. ओरिशाबा हातात घोटणी घेऊन भिंतीला टेकलेली. पेनिनाने म्हातारीच्या पायावर गार पाणी ओतलं, ओलं फडकं गुंडाळलं. केइरुंगी कण्हली नाही. ती फुटलेल्या दगडाकडे बघत होती. भाजीत मिठाचा खडा जास्त पडला तर सुनेच्या माहेरापर्यंत पोचणारी ही बाई, पाय भाजूनही गप्प होती. पेनिनाला पायापेक्षा त्या गप्प बसण्याची काळजी वाटली.

बोलायचं काम मग फेदेरेसीने केलं. ही केइरुंगीची नणंद, पलीकडच्या टेकडीवरून खास पाठवणीसाठी आलेली. तिच्या घरची चूल विझेल, तोंडाची विझायची नाही.

"चुलीचा दगड घरची बाई जिवंत असेपर्यंत बाहेर जात नाही," ती दारातून म्हणाली, पाहुण्यांना ऐकू जाईल इतपत हळू. "आणि फुटत तर नाहीच. माझ्या भावाने लग्नात आणलेले दगड. त्याच्यामागे इतकी वर्षं जाळ सोसला त्यांनी. आज फुटला. जाळ कुणी घातला?"

जाळ कुणी घातला ते सगळ्यांना दिसत होतं.

"रविवारी प्रार्थनेनंतर बसू," फेदेरेसी म्हणाली. "घर फोडणारा हात घरात ठेवत नसतात. बापाच्या घरी पोचती करू हिला. लग्नात दिलेल्या गाई परत मागायच्या की नाही ते पुरुष बघतील."

ओरिशाबाने नवऱ्याकडे पाहिलं. बारिग्ये दाराबाहेर उभा होता. त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं.

पेनिना राखेत वाकली. दगडाचे तुकडे पांढरे, काचेसारखे चमकत होते. एक मोठा तुकडा तिने उचलला, फुंकर मारली, बोट फिरवलं. मग तो रुमालात बांधून हळूच पिशवीत टाकला.

हा दगड या चुलीचा नव्हताच.

२

रुगोंगीच्या टेकडीवर पूर्वी खाण होती. आता खड्ड्यात पाणी साचलंय, काठावर तुरेवाले करकोचे नाचतात आणि कुंपणाच्या आत गवत माणसाएवढं वाढलंय. पण पेनिनाच्या लहानपणी तिथे सकाळी भोंगा व्हायचा, आणि भोंग्याबरोबर सगळ्या टेकडीला एकदम भूक लागायची. पुरुष खाली उतरायचे. बायका वर रांगेत बसून हातोडीने दगड फोडायच्या आणि निवडायच्या. बेरील एकीकडे, गारगोटी दुसरीकडे. पेनिनाची आई त्याच रांगेतली. तांदूळ निवडावेत तशी ती दगड निवडायची, गप्पा मारत, खाली न बघता.

"रेघा बघायच्या," ती लेकीला सांगायची. "दोघांना पैलू सहाच. पण बेरीलच्या अंगावर रेघा उभ्या, पावसाच्या सरींसारख्या. गारगोटीच्या आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. बेरीलचं डोकं सपाट, गारगोटीचं टोकदार. आणि टोकदार डोक्याच्या कुणाचाच भरवसा धरायचा नाही."

रुमालातल्या तुकड्यावर रेघा आडव्या होत्या.

गोरा साहेब संध्याकाळी ओट्यावर बसून खाणवाल्यांना त्या दगडाचं पुराण सांगायचा. यातून बेरिलियम नावाचा धातू निघतो. ॲल्युमिनियमहून हलका, पोलादाहून ताठ. तांब्यात चिमूटभर मिसळला तर मऊ तांब्याची स्प्रिंग होते. त्या तांब्याची हातोडी कितीही आपटा, ठिणगी म्हणून उडत नाही, म्हणून जिथे तेल आणि गॅस तिथे तीच वापरतात. पाचू आणि तो निळा समुद्रखडा हे याच दगडाचे श्रीमंत चुलतभाऊ. आणि त्याचे क्षार म्हणे चवीला गोड, फक्त चाखणारा पुन्हा चाखायला उरेलच असं नाही.

"म्हणजे आमच्या फेदेरेसीसारखे," साबिती म्हणायचा. केइरुंगीचा नवरा तो. खाणीतला सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात मोठं हसू त्याचं. लग्न ठरल्यावर त्याने बेरीलचे तीन जाडजूड दगड खांद्यावरून घरी आणले, एकेका खेपेला एकेक. साहेबाला विचारून नव्हे. त्या काळी टेकडीवरच्या अर्ध्या चुली साहेबाला न विचारता मांडलेल्या होत्या. बेरील जाळ सोसतो. गारगोटीच्या पोटात पाण्याचे बारीक थेंब कोंडलेले असतात. लहान जाळावर ती गप्प राहते, मोठा जाळ लागला की फुटते. हे रुगोंगीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. निदान तेव्हा तरी.

मग पुष्कळ वर्षांनी साबिती खोकत इस्पितळात आला होता. पेनिनाने त्याच्या छातीची फिल्म काढली. दोन्ही फुप्फुसांवर गिनी कोंबडीच्या पिसावर असतात तसे ठिपके. धूळ. गारगोटीची की आणखी कसली, ते फिल्म सांगत नाही. काय बोलावं ते न सुचून पेनिना यंत्राबद्दलच बोलली. म्हणाली, "साबिती, या नळीला एक इवलीशी खिडकी आहे, बेरिलियमच्या पातळ पत्र्याची. काच किरणांना थोडं तरी अडवते. हा पत्रा वाटेत कुणी नसल्यासारखा त्यांना सोडतो. तुमच्या दगडातूनच निघतो तो."

साबितीला ते फार आवडलं. "म्हणजे मी काढलेल्या दगडाच्या खिडकीतून तू माझ्याच छातीत डोकावतेस? डोकाव, बाई. आत धूळच आहे, तीही तिथलीच." आणि बायकोला म्हणाला, "ए, मी मेलो की मलाही एक खिडकी लाव. खाली अंधार फार. मला माहितीय, जन्म तिथेच गेला."

"आधी गोळ्या घ्या," केइरुंगी म्हणाली होती.

पेनिना हे सगळं आठवत ओसरीवर बसली होती, तेव्हा ओरिशाबा आली. बाही जळलेली, डोळे कोरडे. रडून झालेलं असावं.

"न्याबो," ती म्हणाली, वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं आदराने, "मी दगड फोडला नाही."

"दगड कुणी फोडत नसतं. तो फुटला. त्या जागी तो आलाच कसा, ते शोधायचंय. तू बाहेरगावी होतीस ना?"

"बहिणीचं बाळंतपण होतं. पाठवणीच्या आदल्या दिवशी आले."

"मग तोवर चूल कोण पेटवत होतं?"

"कुणीच नाही. आई एकट्यापुरतं कोळशाच्या शेगडीवर करायच्या. हे बाजारात जेवायचे. आल्यावर पाहिलं तर दगड काळा होता, चुलीचे दगड काळेच असतात. मी निरखून बघितलं नाही, न्याबो. दुसऱ्याच्या घरात सगळं नीट बघायला धीर लागतो. तो यायचाच होता अजून."

"परत जायचंय तुला?"

ओरिशाबा थोडा वेळ जळलेली बाही चुरगाळत बसली. "मला इथे राहायचंय. पण घर फोडणारी म्हणून पाठवलं तर तिथेही मला कोण ठेवून घेणार? धाकट्या बहिणींची लग्नं व्हायचीत."

ती गेल्यावर पेनिनाने तुकडा पुन्हा काढला. उन्हात धरला, उलटा केला. तळ काळा होता. जो भाग कायम जमिनीत पुरलेला असतो, ज्याला काजळी दिसतही नाही, तोही काळा होता. तिने नाकाशी नेला.

धुराचा वास नव्हता. ग्रीसचा होता.

३

मुगारुरा बाजारात दगडांचा व्यापार करायचा. दुकानात मोबाईलचे चार्जर टांगलेले, त्याखाली पोत्यात खडे. हल्ली बेरीलला पुन्हा भाव आला होता, आणि हा माणूस टेकडीवर घरोघर फिरून म्हाताऱ्यांच्या चुलींना नमस्कार करत होता.

"दगड मी चोरला असं म्हणायचंय का, न्याबो?"

"तू मागितला होतास, असं म्हणायचंय."

"मागितला. मागणं पाप नाही. पण मला सांगा, चोर दगड नेतो की बदलून देतो? नेला असता तर गेलो असतो. आणि लाजेकाजेने काही ठेवलंच असतं, तर रस्त्यावरचा धोंडा ठेवला असता." त्याने तुकडा हातात घेऊन वजन केलं. "हा अख्खा सहापैलू खडा असणार. टेकडीवर असे आता मिळत नाहीत, कचऱ्याच्या ढिगात दिवस दिवस उकरावं लागतं. पर्यटक घेतात. असला खडा राखेत पुरायला मी काय खुळा आहे?"

पेनिनाला त्याचं म्हणणं पटलं, आणि पटलं याचा थोडा राग आला.

"मागितलास कुणाकडे?"

"बारिग्येकडे. त्यांच्याच अंगणात. तो मोटरसायकलवर बसला होता. म्हणाला, आईच्या मागे बघू. तिन्ही देतो म्हणाला."

"आणि आई?"

"आत होती. तिला ऐकू येत नाही, म्हणाला तो."

अंगणात वाळत घातलेल्या नाचणीवर कोंबडीने पाय ठेवला तर केइरुंगीला आतून ऐकू येतं. मुलगा त्याच घरात वाढला होता. पण काही गोष्टी आईला ऐकू येत नाहीत असं मानणं मुलांच्या सोयीचं असतं.

बारिग्ये मोटरसायकलखाली आडवा पडला होता. कोपरापर्यंत ग्रीस.

"बाहेर ये," पेनिना म्हणाली. "हात दाखव."

"हात काय दाखवायचे? काळे आहेत."

"तेच बघतेय. ते ग्रीस कुणाला दिलंस का कधी?"

"अख्खी टेकडी नेते. पंपाला लागतं, सायकलला लागतं. फुकट आहे ना." तो उठून बसला. "माझ्यावर संशय आहे का? मी म्हटलं होतं आईच्या मागे. आईच्या डोळ्यांदेखत नाही. इतका मी..." पुढचा शब्द त्याला सापडला नाही.

"आणि बायकोबद्दल काय म्हणतोस?"

"आत्या म्हणते..."

"आत्या तुझ्यासाठी नाचणी घोटायला येणार आहे का?"

त्याने फडक्याने हात पुसले. फडकं हातांहून काळं होतं. "सगळे लागलेत तिच्यामागे. मी एकटा काय करू, न्याबो?"

"पहिल्यांदा बुटांकडे बघायचं सोड," पेनिना म्हणाली आणि निघाली.

वाटेत ती हिशोब जुळवत होती. ग्रीस कुणाचंही असू शकतं. तळापर्यंत काळा केला म्हणजे ज्याने केला तो चुलीपाशी कधी बसलेला नाही. चुलीच्या दगडाला काजळी कुठे असते ते बाईला झोपेतही कळतं. तेव्हा पुरुष. पण मुगारुराचं बोलणं कुसळासारखं टोचत होतं. चोर दगड बदलून देत नाही. ज्याने हा ठेवला, त्याने दिवस दिवस उकरून सहा पैलूंचाच दगड शोधला होता. केइरुंगीच्या चुलीला कसला तरी धोंडा लावायला त्याचं मन झालं नव्हतं. म्हणजे चोर नव्हता तो. तिचा मान ठेवणारा होता.

असा टेकडीवर एकच माणूस होता. आणि तोच ते करू शकत नव्हता. कारण आडव्या रेघा आणि उभ्या रेघा यांतला फरक टेकडीला ज्यांनी शिकवला, त्यांतला तो शेवटचा होता.

४

बितारिहोची झोपडी खाणीच्या कुंपणाला लागून होती. चर्चने त्याला खड्ड्याची राखण दिली होती, पोरंढोरं आणि गाई आत जाऊ नयेत म्हणून. त्याबदल्यात रोजचं जेवण. साबिती आणि तो एकाच यंत्रावर होते. खडक फोडणारं ते यंत्र दोघं आळीपाळीने छातीशी धरायचे. संध्याकाळी हात थरथरायचे म्हणून एकमेकांच्या तोंडाला पेला लावायचे आणि बायका त्यांना नवरा-नवरी म्हणून चिडवायच्या.

तो सायकल ढकलत येत होता. हल्ली तो सायकलवर बसत नसे, नुसती ढकलायचा.

"सेबो," पेनिनाने वडीलधाऱ्या पुरुषाला मारतात तशी हाक मारली, "कसे आहात?"

तो थांबला, मान थोडी कलती केली. "पेनिना. आवाज म्हातारा झाला तुझा."

"नुसता आवाजच नाही."

"ये, बस. बुशेरा गरम आहे."

नाचणीची ती आंबील त्याने किटलीतून पेल्यात ओतली, अंगठा पेल्याच्या आत धरून. आंबील अंगठ्यावर चढली, काठावरून ओघळली. वाफ निघत होती. त्याने अंगठा काढला नाही. तिने पटकन "पुरे, पुरे" म्हटलं तेव्हा तो थांबला.

पेनिना पेला घेऊन बसली. जुन्या गोष्टी निघाल्या. भोंगा, साहेबाचा कुत्रा, पगाराच्या दिवशी साबितीने अख्ख्या रांगेला वाटलेली केळी. बितारिहोला सगळं आठवत होतं, कोण कुठे बसायचं तेसुद्धा. बोलताना तो खड्ड्याकडे तोंड करून होता, आणि त्याच्या बोलण्यात तिथे अजून माणसं होती.

"तुमच्यासाठी एक आणलंय," पेनिना म्हणाली. तिने पिशवीतून साबितीची फिल्म काढली. इस्पितळाने जुन्या फिल्म जाळायला काढल्या तेव्हा तिने ही एक उचलून ठेवली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. "साबितीची छाती. बघायची का?"

त्याने दोन्ही हातांनी ती घेतली. उजेड दाराकडून येत होता. बितारिहोने दाराकडे पाठ केली, फिल्म मातीच्या भिंतीसमोर धरली आणि बराच वेळ तिच्यावर डोळे लावून बसला.

"हा आमचा साबिती," तो म्हणाला. "केवढा पांढरा झालाय ग."

भिंतीसमोर फिल्म म्हणजे नुसता काळा चौकोन. पेनिनाने ती त्याच्या हातातून अलगद काढून घेतली.

"हो," ती म्हणाली. "फार पांढरा झाला होता."

"दगड असो की माणूस," तो म्हणाला, "मला बघावं लागत नाही. हे सांगतात." त्याने बोटं वर केली. टोकं मेणासारखी पांढरी होती. त्या यंत्राने वर्षानुवर्षं हादरवून हादरवून त्यातला जीव कधीच नेला होता, आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा त्याने ऐकून घेतलं नव्हतं.

दारामागे ग्रीसचा डबा होता. पेनिनाला जे विचारायचं होतं ते तिने विचारलं नाही. उत्तर मिळालं होतं, आणि तिला ते नको होतं.

५

केइरुंगी स्वयंपाकघराच्या दारात बसली होती, पाय पाटावर. चूल गार होती. दोन दगड आणि तिसऱ्याच्या जागी खळगा. आत ओरिशाबा शेगडीवर केळी वाफवत होती.

"सुनेला पाण्याला पाठवा," पेनिना म्हणाली.

म्हातारीने पाठवलं.

"मुकाका," पेनिनाने सगळी टेकडी म्हातारीला मारते तीच आजीची हाक मारली, "या दारातून एवढा जड दगड बाहेर गेला आणि दुसरा आत आला. या दारात दिवसभर कोण असतं?"

"तू इस्पितळात होतीस की पोलिसात?"

"त्यांनी तो सायकलवरून आणला. ढकलत. ग्रीस आणि काजळी फासून. कचऱ्याच्या ढिगात शोधून सहा पैलूंचाच आणला, तुमच्या चुलीचा मान राहावा म्हणून. फक्त तो गारगोटीचा निघाला. त्यांना दिसत नाही, मुकाका. आणि बोटांनाही आता कळत नाही."

केइरुंगीने पायावरचं फडकं सारखं केलं. "मला माहीत नव्हतं ग. तो आला, बसवला, म्हणाला, अगदी तसाच शोधलाय. मी अंधारात काय बघणार? मी त्याच्यावर विसंबले. खाणीत सगळेच विसंबायचे त्याच्यावर. फुटला तेव्हा पांढरा दिसला, आणि मला कळलं की बितारिहोचे डोळे गेले."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"काय बोलू? आंधळा म्हटलं की उद्या चर्च त्याची राखण काढून घेईल. तो त्या कुंपणापाशी नसला तर जगेल का? आणि नणंदेला काय सांगू, की चुलीचा दगड मीच जिवंतपणी बाहेर काढला? वाटलं, बोलतील दोन दिवस. गोष्ट पेजेवरच्या सायीसारखी धरेल आणि निवेल."

"निवली नाही. रविवारी मुलीला पाठवताहेत."

म्हातारीने पाटावरचा पाय जरा मागे घेतला.

"दगड साबितीकडे आहे ना?"

केइरुंगीने प्रथमच तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"तुम्ही तो विकणार नाही. फेकणार नाही. बारिग्ये अंगणात काय बोलला ते तुम्ही ऐकलं होतं. तुमच्यामागे तिन्ही दगड मुगारुराच्या पोत्यात जाणार. मग राहिलं काय? आणि खिडकी मागितली होती त्याने, तेव्हा मीही तिथेच होते."

केळीच्या बागेत, घराच्या मागे, साबितीची कबर होती. दोघी तिथे गेल्या, म्हातारी पेनिनाच्या खांद्याला धरून, लंगडत. छातीच्या जागी दगड सपाट डोकं वर करून पुरला होता. वाळूने घासघासून काजळी काढलेली. केळीच्या पानांतून येणारं ऊन त्यावर पडलं की आत कुठेतरी हिरवट पाणी हलल्यासारखं वाटत होतं. कुणाला दिसू नये म्हणून वर पसरलेली सुकी पानं केइरुंगीने बाजूला सारली होती.

"चेष्टेत म्हणाला होता तो," केइरुंगी म्हणाली. "मला कळत नाही असं नाही. पण त्याने दुसरं काही मागितलंच नव्हतं कधी."

पेनिनाने पानं पुन्हा दगडावर ओढली, कारण ओरिशाबा पाण्याची कॅन घेऊन वर येताना दिसत होती.

"मुकाका, रविवारी तुम्ही बोला. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. आणि माझं बोलणं तुमच्याइतकं चांगलं होणार नाही. मी बितारिहोंना झाकू शकणार नाही."

"त्याला लाज आणू नकोस."

"मग त्या मुलीची लाज?"



६

रविवारी अवाकाडोच्या झाडाखाली सगळे बसले. पुरुष बाकांवर, बायका चटयांवर. ओरिशाबा घराच्या भिंतीशी उभी, गाठोडं पायाशी. बितारिहो सायकल झाडाला टेकवून मागे बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण टेकडीवर कुणी बसलं की तो यायचाच.

फेदेरेसीने तेच पुन्हा सांगितलं, आता थोडं वाढवून. चुलीतून निघालेली ठिणगी आता छताला लागली होती. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. एकाने विचारलं, घरच्या बाईला काही म्हणायचंय का.

केइरुंगीने तोंड उघडलं. तिची नजर बितारिहोकडे गेली आणि तोंड मिटलं.

पेनिना उठायला लागली. तेवढ्यात बारिग्येच उठला. "माझी बायको इथेच राहील," तो म्हणाला. "दगड का फुटला ते मला माहीत नाही. पण तिने काही केलेलं नाही. आणि आत्या, दगडांवर डोळा माझाही होता. आई गेल्यावर मी ते विकणार होतो. घर फोडणारा हात शोधत असाल तर माझा धरा."

"चुलीचे दगड?" फेदेरेसी म्हणाली. "माझ्या भावाचे?"

"फुटलेला दगड कसला होता?" मागून बितारिहोने विचारलं. दगड फुटल्याचं त्याला इथे येईपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. आणि बेरील असा फुटत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. "कसला होता, पेनिना?"

पेनिनाने केइरुंगीकडे पाहिलं. म्हातारीने डोळे मिटले आणि मान हलवली.

"गारगोटीचा, सेबो."

बितारिहोने आपली बोटं एकमेकांवर घासली. काहीतरी ऐकू येतं का बघावं तशी. मग म्हणाला, "मी आणला तो. मी बसवला. बेरील म्हणून." आणि थोडं थांबून, "मला दिसत नाही. बरीच वर्षं झाली."



"त्याने माझ्यासाठी केलं," केइरुंगी म्हणाली. आता तिला थांबवता आलं नसतं. "दगड मी काढला. माझ्या नवऱ्याने आणलेला माझ्या नवऱ्याला दिला, कबरीवर, त्याने मागितलेली खिडकी म्हणून. माझी चूल, माझा दगड. कुणाला विचारायचं होतं? आणि फेदेरेसी, तुझ्या भावाने तुझ्याबद्दल साहेबापुढे काय म्हटलं होतं ते मी इतकी वर्षं पोटात ठेवलंय. बाहेर काढायला लावू नकोस."

फेदेरेसीने विचारलं नाही. बहुतेक तिला ठाऊक होतं.

"पाय भाजला तो माझ्या कर्माने," म्हातारी सुनेकडे वळली. "तुला बोल लागला तोही माझ्याच. मी गप्प बसले. बस, इतकंच."

पुढची बोलणी लांबली. चर्चच्या वडीलधाऱ्याने सांगितलं की राखण बितारिहोकडेच राहील; गाय आलेली त्याला वासरू हंबरायच्या आधी कळते, डोळसांना नाही. दगडाची गोष्ट आता मुगारुरापर्यंत जाणारच म्हणून बारिग्येने कबरीवरच्या त्या दगडावर सिमेंट ओतायचं कबूल केलं. "खिडकीला पडदा," एक म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले. केइरुंगीही हसली.

गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं. ओरिशाबाने गाठोडं उचलून डोक्यावर ठेवलं होतं.

"अग, कुठे?" बारिग्ये म्हणाला. "मिटलं ना सगळं."

"तुमचं मिटलं," ओरिशाबा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला चारचौघांत घर फोडणारी म्हटलं. आई दारात बसून ऐकत होत्या. तुम्ही आज बोललात ते चांगलं केलंत. पण आमच्यात अशा बाईला न्यायला यावं लागतं, बकरी घेऊन. तुमच्यातही तसंच आहे, मला माहितीय. मी वाट बघेन. फार दिवस नाही."

आणि ती उतार उतरून रस्त्याला लागली. पेनिनाला वाटलं, हिच्या जागी आपल्याला हे सुचलं असतं का. सुचलं असतं, पण विसाव्या वर्षी नाही.

पुरुष कुणी जायचं यावर वाद घालायला लागले. बारिग्ये म्हणे मी. काका म्हणे नवऱ्याने एकट्याने जायचं नसतं, रीत नाही. फेदेरेसी म्हणे बकरी कुणाची. पेनिना घरी गेली.

दोन-तीन दिवसांनी ती बाजारातून येत होती. समोरून बारिग्येची मोटरसायकल आली, धूळ उडवत. पुढे बारिग्ये. मागे, आडवी बसून, फडक्यात गुंडाळलेला पाय बाहेर काढून, केइरुंगी. मांडीवर तिने एक काळी बकरी करकचून धरली होती. सून आणायला सासू स्वतः गेल्याचं रुगोंगीत कुणी पाहिलं नव्हतं. बाजारातली माणसं दुकानांतून बाहेर आली.

"मुकाका, कुठे?" पेनिनाने विचारलं, नुसतं तिच्या तोंडून ऐकायला.

"दिसत नाही का?" केइरुंगी म्हणाली. "माझ्या घरची बाई आणायला. चल रे, ऊन तापायच्या आत पोचव. तिथे मला पायीही थोडं चालायचंय. मोटरसायकलवरून दारात जायचं नसतं, तिला काय वाटेल."